गरम झाल्यावर इंजिनातून ठक-ठक, घाटात वेगळीच खडखड: खरंच हाफ इंजिन करावं लागेल का?

वडगावचा_विन्या

नमस्कार मंडळी. गाडी २०१५ ची पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, चार सिलिंडर, टायमिंग चेनवाली. सेकंडहँड घेतलेली, मीटरवर ९४ हजार दिसतात (मीटर खरं असेल तर). कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर निम्मे प्रतिसाद "ती गाडी घेतलीसच कशाला" असे येतात.

त्रास असाय की सकाळी सेल्फ मारला की इंजिन एकदम शांत, पुण्यात वडगावातून निघून नवले पुलापर्यंत काहीच नाही, पण एकदा का हायवेच्या ट्रॅफिकमध्ये अर्धा तास गेला आणि इंजिन व्यवस्थित तापलं की स्लोला (पाय न देता, आयडलवर) खालून ठक ठक ठक सुरू होतं. जड आवाज आहे, पायाखाली जाणवतो. एसी लावला की वाढतो. न्यूट्रलला रेस देऊन दोन हजारावर नेलं की ठोके भराभर पडतात आणि रेस सोडताना क्षणभर सगळ्यात जोरात ऐकू येतो.

दुसरं म्हणजे सासुरवाडी सासवडला, त्यामुळे बोपदेव घाट ठरलेला. तिथे तिसऱ्या गिअरवर चढवताना पत्र्याच्या डब्यात खडे हलवल्यासारखी खडखड येते. ॲक्सिलरेटरवरचा पाय हलका केला की गायब.

दाखवून झालंय. एकजण म्हणाला बेअरिंग गेलंय, हाफ इंजिन करा (म्हणजे इंजिन उतरवून खालचा अर्धा भाग नव्याने बांधा), ४५-५० हजार धरून चला. दुसरा म्हणाला हा सगळा ई२० (२० टक्के इथेनॉलवाल्या) पेट्रोलचा प्रताप, ॲडिटिव्हची बाटली ओता. तिसऱ्याने बॉनेटसुद्धा नीट न उघडता टॅपेट (व्हॉल्व्ह दाबणारा भाग) आहे, बिनधास्त चालवा असं सांगितलं. डॅशबोर्डवर ऑइलची लाइट नाही, चेक इंजिन नाही. रोज हिंजवडीला जातो, तोवर चालवू का? आणि या तिघांत खरं कोण बोलतंय?

मी_सदाशिव

ई२० च. आमच्या गाडीचं ॲव्हरेजपण गेलं. विकून टाका आणि सीएनजी घ्या. बाकी वडगाव ते हिंजवडी रोज गाडीने जाणाऱ्या माणसाच्या इंजिनाआधी कंबर तपासायला हवी.

अनुजा_पी

ॲव्हरेज कमी होणं आणि नॉकिंग (सिलिंडरमधलं मिश्रण स्वतःहून पेटून होणारी खडखड) होणं हे दोन वेगळे विषय आहेत, ते एकत्र करू नका प्लीज. इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे २० टक्के मिसळल्यावर ॲव्हरेज थोडं पडणारच, त्यात वाद नाही. जुन्या गाड्यांमधले रबराचे पाइप, सील वगैरे खराब होण्याची भीतीही रास्त आहे, कारण त्या गाड्या ई२० साठी बनवलेल्याच नव्हत्या. पण नॉकिंगच्या बाबतीत इथेनॉल उलट मदत करतं. त्याचा ऑक्टेन १०८ च्या आसपास आहे, साध्या पेट्रोलला बीएस-६ च्या नियमात किमान ९१ धरलं होतं. म्हणजे इथेनॉल मिसळल्याने इंधन नॉकिंगला जास्तच विरोध करतं.

ऑक्टेन म्हणजे ताकद असं बऱ्याच जणांना वाटतं. तसं काही नाहीये. इंधन दाबाखाली आणि उष्णतेत स्वतःहून पेट घ्यायला किती विरोध करतं, एवढंच तो आकडा सांगतो. आयसो-ऑक्टेनला १०० आणि नॉर्मल हेप्टेनला ० धरलंय, त्यांच्या मिश्रणाशी तुलना करून बाकीच्यांना मार्क मिळतात. एकेकाळी हाच विरोध वाढवायला पेट्रोलमध्ये शिसं घालायचे, १९२१ मध्ये अमेरिकेत मिजली नावाच्या इंजिनिअरने तो शोध लावला आणि पुढे सगळ्या जगाने ते विष हुंगलं. आपल्याकडे ते २००० साली बंद झालं.

तर घाटातल्या खडखडीला करायचा एक स्वस्त प्रयोग. टाकी जवळजवळ रिकामी करून एकदा साध्यापेक्षा जास्त ऑक्टेनवालं प्रीमियम पेट्रोल भरा आणि त्याच घाटात, त्याच गिअरला, तितकीच माणसं घेऊन जा. खडखड लक्षात येण्याइतकी कमी झाली तर ते नॉकिंग. तशीच राहिली तर एखादा पत्रा वाजत असण्याची शक्यता जास्त. माझ्या गाडीत सायलेन्सरच्या पाइपवरचं हीट शील्ड सुटलं होतं आणि तोही आवाज चढावरच यायचा, एक वर्म क्लिप (स्क्रूने आवळायची पट्टी) लावून काम झालं.

टॉर्करेंच

अनुजाताईंशी सहमत. आता जरा लांबलचक लिहितो, चहा घेऊन बसा. मी बरीच वर्षं इंजिन टेस्ट सेलमध्ये काढली आहेत, डायनोवर (इंजिनावर भार देऊन चाचणी घ्यायच्या यंत्रावर) इंजिन मुद्दाम नॉक करायला लावणं हे पोटापाण्याचं काम होतं.

विन्या, तुझ्या पोस्टमध्ये दोन आवाज आहेत आणि गॅरेजवाल्यांपैकी प्रत्येकाने बहुतेक त्यातला एकच ऐकलाय, म्हणून तिघांची उत्तरं तीन. आपल्याकडे दोन्हीला नॉकिंगच म्हणतात ही पंचाईत आहे.

घाटातली खडखड आधी घेऊ. स्पार्क पडल्यावर आग प्लगपासून पसरत जाते, पण कोपऱ्यात उरलेलं मिश्रण तिची वाट न बघता दाबामुळे आणि उष्णतेने एकदम पेटतं. त्यातून दाबाच्या लाटा उठतात, सिलिंडरच्या भिंती झंकारतात, तो कडकड आवाज. भार जास्त आणि आरपीएम कमी असताना हे सगळ्यात जास्त होतं, म्हणजे बोपदेवला तिसऱ्या गिअरवर १५००-१६०० ला पाय दाबून धरणं ही त्याची आदर्श परिस्थिती. दुसरा टाक, ३००० वर चढव, निम्मं दुखणं तिथेच थांबेल. आपल्याकडे पेट्रोल वाचवायला लोक गाडी वरच्या गिअरला रडवत नेतात, आणि वाचलेल्या पेट्रोलच्या कितीतरी पट पुढे इंजिनाला घालतात. (अवांतर: पुणे समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर वर आहे, इथे हवा मुंबईपेक्षा विरळ, सिलिंडरमधला दाब किंचित कमी, म्हणजे खरं तर आपल्याकडे नॉकिंग थोडं कमीच व्हायला हवं.)

पण २०१५ च्या गाडीत हे इतकं ऐकू येणं बरोबर नाही. बहुतेक गाड्यांमध्ये ब्लॉकवर नॉक सेन्सर असतो, आतमध्ये पिझो क्रिस्टल, तो कंपनं ऐकतो आणि ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) स्पार्क थोडा उशिरा पाडतो. तो एका बोल्टवर बसतो आणि त्या बोल्टचा टॉर्क फार महत्त्वाचा, साधारण २० न्यूटन मीटर. सैल असेल किंवा खाली गंज असेल तर सेन्सर बहिरा होतो, आणि गंमत अशी की वायर शाबूत असेल तर चेक इंजिन लाइट लागेलच असं नाही. स्कॅनरवर पी०३२५ हा कोड सर्किट तुटलं तर येतो, सेन्सर सैल आहे म्हणून येईलच असं नाही. मागे कोणी स्टार्टर किंवा इनटेक काढला असेल तर हे आधी बघ. मग प्लग: योग्य हीट रेंजचे आहेत का, टोकाला राखेसारखा थर आहे का. कूलंट तापमान ओबीडीवर (गाडीच्या सॉकेटला लावायच्या स्कॅनरवर) बघ, ९० च्या आसपास राहतं का १०५ ला जातं. आणि शेवटी कार्बन. पिस्टनवर आणि हेडमध्ये कार्बन साचला की जागा कमी होऊन कॉम्प्रेशन वाढतं, शिवाय त्याचे निखारे होतात.

आता दुसरा आवाज, मला याची जास्त काळजी आहे. खालून येतो, जड आहे, इंजिन थंड असताना नाही, गरम झाल्यावर येतो. पिस्टन स्लॅप (पिस्टन सिलिंडरच्या भिंतीवर आपटणं) याच्या बरोब्बर उलटा, तो थंड इंजिनात वाजतो आणि पिस्टन फुगला की गप्प होतो. टॅपेट वरून येतो, बारीक टिकटिक, आणि क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) निम्म्या वेगाने, कारण व्हॉल्व्ह उघडणारा कॅम निम्म्या वेगाने फिरतो. चेन सैल असली तर सेल्फ मारल्यावर पहिले काही सेकंद खळखळते. तुझं यातलं काहीच जुळत नाही. तेल गरम होऊन पातळ झालं की वाढणारा ठोका, एसीचा भार आला की वाढणारा ठोका, रेस सोडताना उघडा पडणारा ठोका हे वर्णन पिस्टनला क्रँकशी जोडणाऱ्या कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचं आहे. रॉड आणि क्रँक यांच्यात जेमतेम ०.०२ ते ०.०५ मिमी फट असते आणि तीत तेलाचा थर. फट वाढली किंवा तेल कमी पडलं की धातू धातूवर आपटतो.

तरीही इंजिनाला हात लावायच्या आधी बाहेरचं सगळं वगळून घे. एसी कॉम्प्रेसर, अल्टरनेटर, टेन्शनर, वॉटर पंप यांची बेअरिंगं हुबेहूब असेच आवाज काढतात आणि एसी लावल्यावर वाढतो हे त्यांच्याही बाजूने जातं. इंजिन गरम असताना बंद करून बेल्ट उतरवायचा, सेल्फ मारायचा, जास्तीत जास्त मिनिटभर ऐकायचं, बंद. वॉटर पंप त्याच बेल्टवर असेल तर त्याहून जास्त नको.

ऑइलची लाइट नाही याच्यावर जाऊ नकोस. तो साधा स्विच असतो, दाब साधारण ०.३-०.५ बारच्या खाली गेला तरच पेटतो. तो पेटेपर्यंत बेअरिंगची वाट लागलेली असते. तेलाचा दाब मोजायचं गेज लाव.

आणि हो, हिंजवडीला नेऊ नकोस. डिपस्टिक (तेलाची पातळी बघायची पट्टी) काढून बघ, आत्ता, हे वाचून झाल्यावर.

भोसरीफिटर

टॉर्करेंच साहेबांनी सगळं बरोबर लिहिलंय, आम्ही गॅरेजात कसं करतो ते सांगतो. बेल्ट काढून आवाज राहिला तर मग एकेका सिलिंडरच्या इंजेक्टरचा सॉकेट काढायचा, स्लोला, इंजिन गरम पाहिजे. कॉइल काढू नका, बरेच जण कॉइल काढतात, मग कच्चं पेट्रोल सायलेन्सरच्या कॅटमध्ये (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) जातं आणि तो पेटतो, त्याचा खर्च वेगळा. इंजेक्टर काढला की पेट्रोलच येत नाही. ज्या नंबरचा काढल्यावर ठोका मऊ पडतो किंवा जातो तो सिलिंडर तुमचा. चारही काढून फरकच नाही तर मेन बेरिंग नाहीतर फ्लायव्हील नाहीतर माउंटिंग बघा. माउंटिंग गेलेलं असलं तरी एसी लावल्यावर ठोकतंय बरं का, क्रॉसमेंबरला इंजिन लागतं.

लांब स्क्रू ड्रायव्हर कानाला लावून पण कळतं पण बेल्टपासून लांब, आणि मफलर ओढणी गळ्यात नको.

तेल काढाल तेव्हा स्वच्छ ट्रेमध्ये काढा आणि उन्हात धरून बघा. चमचम दिसली तर बेरिंग. फिल्टर फेकू नका, कापून कागद पसरा, चुंबक फिरवा. चुंबकाला लागलं तर लोखंड, नाही लागलं आणि तांबूस दिसलं तर बेरिंगचा तांब्याचा थर उघडा पडला.

ॲडिटिव्हची बाटलीबिटली काही टाकू नका. घट्ट तेल टाकून आवाज दाबणारे पण आहेत, गाडी विकायची असली की करतात.

वडगावचा_विन्या

सगळ्यांचे आभार. डिपस्टिक पाहिली, तेल खालच्या खुणेच्याही खाली, टोकाला जेमतेम लागलेलं. वरच्या खुणेपर्यंत यायला सव्वा लिटर गेलं. जमिनीवर कुठेही गळती नाही, पार्किंगमध्ये पुठ्ठा टाकून बघितलं. दिवाळीत बदललेलं तेल, ५डब्ल्यू-३० च आहे.

गाडी आता सोसायटीत उभी, ऑफिसला पीएमपीची बस आणि मेट्रो. भावाच्या ओळखीचे एक फिटर घरी आले, गेज आणि ओबीडीचं यंत्र घेऊन. रिपोर्ट असा:

बेल्ट काढला, आवाज तसाच. म्हणजे एसी-अल्टरनेटर निर्दोष. इंजेक्टरचे सॉकेट काढत गेलो, १, २, ४ ला काही नाही, ३ चा काढला आणि ठोका जवळजवळ गायब. पुन्हा लावला, पुन्हा आला. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. तेल भरल्यानंतरचा दाब गरम स्लोला ०.७ किलो (किलो म्हणजे जवळजवळ बारच), ३००० ला २ किलोच्या थोडा खाली. नॉक सेन्सर घट्ट आहे, टॉर्क रेंचने तपासला. कूलंट ९२-९४. प्लग बाहेर काढले तर ३ नंबरच्या टोकाला करडी राख आणि धाग्यांवर तेल, बाकीचेही फार सुंदर नव्हते.

फिटर म्हणतात चेंबर (इंजिनाखालचं तेलाचं भांडं) उतरवून बघू, वाटलं तर नुसती बेअरिंग बदलू, इंजिन बाहेर काढायची गरज नाही. पहिला गॅरेजवाला हाफ इंजिनवर ठाम आहे. आता?

टॉर्करेंच

दाब कमी आहे. नियम प्रत्येक इंजिनाचा वेगळा, मॅन्युअल बघायचं, पण गरम असताना दर हजार आरपीएमला १० पीएसआय, म्हणजे साधारण ०.७ बार, असा जुना ठोकताळा आहे. स्लोला तू काठावर आहेस, पण ३००० ला दोनच्या खाली म्हणजे पंपाला तेल पुरेसं मिळत नाहीये किंवा कुठेतरी फार निसटतंय. एक बेअरिंग ढिलं झाल्याने दाब थोडा पडतो, इतका पडला म्हणजे खाली सक्शनची जाळी (पंप जिथून तेल ओढतो ती) बघायलाच हवी. चेंबर उतरवणं ही योग्य पायरी आहे.

आणि सव्वा लिटर तेल गळती नसताना गेलं कुठे? जळलं. रिंगा असतील, व्हॉल्व्ह सील असतील, पण त्या दोन्हीच्या आधी पीसीव्ही व्हॉल्व्ह बघ, शंभर-दोनशे रुपयांची वस्तू आहे. क्रँककेसमधली वाफ इनटेकमध्ये परत नेणारा छोटा व्हॉल्व्ह. तो उघडा अडकला की इंजिन स्वतःचंच तेल ओढून पितं. मग तेल जळून कार्बन होतो, प्लगवर राख बसते, आणि तेलाची वाफ मिश्रणात आली की त्या मिश्रणाचा ऑक्टेन पडतो. म्हणजे बोपदेवची खडखड. तिकडे चेंबरमधलं तेल कमी होत गेलं की बेअरिंग उपाशी. दोन आवाजांचं मूळ एकच असू शकतं असं मला आता वाटायला लागलंय. त्यात नॉकिंगचे हादरे पिस्टनवरून रॉडमार्गे त्याच बेअरिंगवर जातात.

नुसती बेअरिंग बदलायची की नाही हे क्रँक बघून ठरतं, आधी ठरवायचं नाही. जर्नलवर (क्रँकच्या ज्या गोल भागावर बेअरिंग बसतं त्यावर) नखाला लागेल अशी रेघ असेल, निळसर झाला असेल किंवा ओव्हल असेल तर नवीन बेअरिंग टाकून काही उपयोग नाही, काही महिन्यांत परत तेच. मग क्रँक ग्राइंड करून ०.२५ मिमी अंडरसाइज बेअरिंग. जर्नल गुळगुळीत असेल तर प्लॅस्टिगेजने (कॅप आवळल्यावर चेपणाऱ्या मऊ धाग्याने) फट मोजा आणि स्टँडर्ड सेट बसवा.

भोसरीफिटर

मी इथे थोडं वेगळं म्हणेन. खालून बेरिंग बदलणं चालतं पण गिऱ्हाइकाला आधी सांगायचं की हे शंभर टक्के नाही. झोपून वर बघत क्रँकचा वरचा भाग नीट मोजता येत नाही, मायक्रोमीटर नीट बसत नाही, कचरा तोंडावर आणि जर्नलवर दोन्हीकडे पडतो. मी स्वतः इंजिन उतरवूनच करतो, पण मग मजुरी वाढते हे पण खरं. विन्या भाऊ, रॉडच्या कॅपवर (बेरिंग धरणाऱ्या खालच्या झाकणावर) नंबर असतात, नसतील तर मार्क करायचे, कॅप उलटी किंवा दुसऱ्या नंबरला गेली की संपलं. रॉडचे बोल्ट बऱ्याच इंजिनांत एकदाच वापरायचे असतात, टॉर्क देऊन वर अंशात फिरवायचे, ते नवीन घ्या. कंजूषपणा तिथे नको.

खडकवासला_डिझेल

धाग्यात घुसतोय, माफी. माझी डिझेल आहे, थंडीत सकाळी खूप कडकड वाजते आणि गरम झाली की जाते, १ लाख ६० हजार झालेत. माझंपण बेअरिंग का?

टॉर्करेंच

नाही. डिझेलमध्ये स्पार्क नसतो, दाबानेच पेटतं, त्यामुळे थंडीत थोडी कडकड हा त्याचा स्वभाव. ग्लो प्लग आणि इंजेक्टरचे करेक्शन आकडे स्कॅनरवर बघून घ्या, एखादा सिलिंडर बाकीच्यांपेक्षा फार वेगळा असेल तर तो इंजेक्टर. सविस्तर वेगळ्या धाग्यात विचारा, इथे विन्याची गाडी उघडी पडलीय.

वडगावचा_विन्या

झालं काम, सगळं लिहितो म्हणजे पुढच्या कोणाला उपयोग होईल.

चेंबर उतरवायला पुढचा सायलेन्सर पाइप काढावा लागला, एवढंच. चेंबर खाली आला आणि फिटरने पहिल्यांदा सक्शनच्या जाळीवर बोट ठेवलं. जाळीवर लाल सिलिकॉनचे तुकडे. म्हणजे माझ्या आधी कोणीतरी कधीतरी चेंबर काढून परत लावताना सिलिकॉन पेस्ट भसाभसा लावली होती, कडेने जी आत ओघळली ती वाळून सुटली आणि जाळीत जाऊन बसली. चेंबरच्या कडेला अजून गांडुळासारखी लोंबत होती. जवळजवळ निम्मी जाळी बंद. दाब का पडला त्याचं उत्तर तिथेच.

३ नंबरची कॅप काढली, शेलवर (बेअरिंगच्या अर्धगोल पाकळीवर) राखाडी थर जाऊन तांब्याचा रंग दिसत होता, वरच्या शेलला जास्त. २ आणि ४ चे शेल पुसट झालेले पण तांबं नाही. १ बरा. प्लॅस्टिगेज नाना पेठेत एका दुकानात मिळालं, दोन दुकानांत "ते काय असतं" विचारलं. ३ नंबरला फट ०.०९ च्या आसपास आली, बाकी ०.०५. जर्नलला नखाला लागणारी रेघ नाही, निळेपणा नाही. भोसरीफिटर यांनी लिहिलेलं फिटरना वाचून दाखवलं तर ते हसले, म्हणाले बरोबर बोलतोय तो, पण क्रँक फिरवत फिरवत चार ठिकाणी मोजून घेऊ. मोजलं, फरक अगदी थोडा, मॅन्युअलच्या मर्यादेत. म्हणून स्टँडर्ड सेट, चारही सिलिंडरचा, नवीन बोल्ट, नवीन जाळी. मेन बेअरिंगची एक कॅप उघडून पाहिली, ती ठीक होती, बाकीच्यांना हात लावला नाही.

पीसीव्ही व्हॉल्व्ह काढून हलवला तर काहीच आवाज नाही, आतून डिंकासारखा चिकटलेला, उघडा. टॉर्करेंच, तुम्हाला एक मिसळ लागू. पाइपातही काळं तेल. नवीन टाकला. थ्रॉटल बॉडी साफ केली, प्लग नवीन, कंपनीने सांगितलेल्या नंबरचेच.

सेल्फ मारायच्या आधी इंजेक्टरचा फ्यूज काढून ऑइल लाइट जाईपर्यंत नुसतं इंजिन फिरवलं, थांबून थांबून, म्हणजे कोरड्या बेअरिंगवर सुरू होऊ नये. मग फ्यूज लावला आणि चालू केलं. अर्धा तास स्लोला ठेवून गरम केलं, एसी लावला. ठक-ठक नाही. दाब गरम स्लोला १.४, ३००० ला साडेतीन.

खर्च: सुटे भाग, तेल, फिल्टर, मजुरी सगळं धरून चौदा हजारांच्या आत. पहिल्या गॅरेजवाल्याने बेअरिंग ओळखलं होतं हे मान्य करायला हवं, पण जाळी आणि पीसीव्ही न बघता हाफ इंजिन केलं असतं तर तीच जाळी परत आत गेली असती का, हा प्रश्न मला अजून छळतोय.

घाटातली खडखड अजून थोडी आहे. पूर्वीसारखी नाही, पण तिसऱ्याला दाबली की येते.

अनुजा_पी

ती लगेच जाणार नाही, पिस्टनवरचा जुना कार्बन अजून तिथेच आहे. तेल जळणं थांबलं की हळूहळू कमी होतो. दोन-तीन टाक्या चांगल्या पंपावरचं जास्त ऑक्टेनवालं भरा आणि दुसऱ्या गिअरला चढवा. तरी राहिलं तर डिकार्ब (कार्बन साफ करणं) किंवा बोअरोस्कोप (बारीक कॅमेरा) घालून आत बघणं, आधी नको. डिकार्बच्या नावाखाली आपल्याकडे काय काय विकतात त्याचा वेगळा धागा होईल.

भोसरीफिटर

काम चांगलं झालंय. जाळीबद्दल विचारलं म्हणून सांगतो, चांगला फिटर हाफ इंजिन करताना जाळी धुतोच, पण सगळे चांगले नसतात. पेस्ट आता किती लावली ते बघितलं का? दोन-तीन मिमीची एक बारीक रेघ पुरते, बोल्टच्या भोकाच्या आतल्या बाजूने, आणि तेल भरायच्या आधी डब्यावर लिहिलेला वेळ वाळू द्यायचं. हे तेल ७००-८०० किलोमीटरला काढून टाका, फिल्टरसकट, नवीन बेरिंगचा बारीक चुरा येतो त्यात. जुना फिल्टर कापून बघा, फोटो टाका. तोपर्यंत हायवेला १०० च्या वर नको आणि वरच्या गिअरला रडवू पण नका.

मी_सदाशिव

मिसळीचं ठिकाण इथेच जाहीर करा, नाहीतर कोथरूडची की पेठेतली यावर वेगळी दोनशे प्रतिसादांची चर्चा होईल. आणि त्या फिटरचा नंबर व्यनि (खाजगी निरोप) करा, आमच्याही गाडीला बेल्टपाशी काहीतरी चिवचिवतंय.

वडगावचा_विन्या

पेस्ट या वेळी माझ्यासमोर लावली, बारीक रेघ, आणि रात्रभर ठेवून सकाळी तेल भरलं. फिल्टर कापला की फोटो टाकतो. फिटरना विचारल्याशिवाय नंबर देत नाही, विचारून व्यनि करतो. डिपस्टिक आता दर रविवारी, सासवडला निघायच्या आधी.